नव्या तारा लावल्या तरी जुनी क्लासिकल गिटार सुरात का राहत नाही

इंदुरातल्या मराठी घरांच्या माळ्यावरून दिवाळीच्या साफसफाईत जे काय काय निघतं, त्यात दर तिसऱ्या-चौथ्या घरी एक गिटार असते. मामांनी कॉलेजात असताना घेतलेली, नाहीतर आत्याने सहा महिने क्लास करून सोडलेली. घरातली मुलगी शिकायला लागली की ती खाली येते, पुसली जाते, दुकानातून तारा चढवून आणली जाते आणि आठवड्याभरात मला फोन येतो: "काका, तारा नव्याकोऱ्या आहेत, तरी सुरात राहत नाही हो."

मी कारागीर नाही. नोकरी वेगळीच आहे. पण गेली बारा-चौदा वर्षं राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर असं फिरून हे एकच दुखणं इतक्या वेळा काढलंय की आता फोनवरच अर्धं निदान होतं. दहातल्या सात वेळा गिटार बरी असते, तारा चुकीच्या असतात. उरलेल्या तीन वेळा गिटारच थकलेली असते आणि तिथे आपण हात लावायचा नसतो. हा फरक ओळखता यावा म्हणून हे लिहितोय.

लक्षणं

यातलं एखादं तरी दिसत असेल तर पुढे वाचा:

- सकाळी लावलेला सूर संध्याकाळपर्यंत उतरतो, आणि हे पंधरा दिवस झाले तरी चालूच आहे.
- उघड्या तारा सुरात, पण सातव्या-बाराव्या पडद्यावर दाबलं की बेसूर.
- चौथी तार (मोजायचं सगळ्यात खालच्या, बारीक तारेपासून) पुन्हा पुन्हा तुटते.
- जाड तारा मेल्यासारख्या वाजतात, तिसरी नुसती धप्प करते.
- एखादी उघडी तार सतारीसारखी झणझणते.
- तारा पडद्यांपासून इतक्या उंच की बोटं दुखतात.
- ब्रिजच्या (धडावर चिकटवलेली, तारा बांधायची पट्टी) मागच्या कडेला फट दिसते, किंवा तिथली पाटी पोट सुटल्यासारखी फुगलीय.

शेवटचं लक्षण असेल तर आधी सगळ्या तारा सैल करा, मग बाकीचं वाचा.

फ्रिजवरचं चुंबक

पहिली तपासणी फुकटची. फ्रिजवरचं चुंबक काढा आणि तारांना लावून बघा. क्लासिकल गिटारच्या खालच्या तीन तारा साध्या नायलॉनच्या असतात. वरच्या तीन चंदेरी दिसतात, पण त्यांच्या आत नायलॉनचे बारीक धागे असतात आणि बाहेरून चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. चुंबक यातल्या कशालाच धरत नाही. धरलं, तर तुमच्या गिटारवर स्टीलच्या तारा आहेत.

हे अजिबात दुर्मीळ नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गिटारी स्टीलच्या तारांच्या असतात, दुकानात हाताशी तोच सेट असतो आणि "भिया, तार म्हणजे तार" म्हणत तो चढवला जातो. नायलॉनच्या सहा तारा सुरात असताना मिळून साधारण चाळीस किलोची ओढ देतात. स्टीलचा नेहमीचा हलका सेट सत्तर किलोच्या वर जातो. म्हणजे शाळकरी मुलीला पेलेल अशा फांदीवर बापाला बसवायचं. ब्रिज फक्त सरसाने चिकटवलेला असतो आणि बहुतेक क्लासिकल गिटारींच्या मानेत ताण सांभाळणारी लोखंडी सळईही नसते. आधी मान वाकते, तारा उंच होतात, सूर उतरत राहतो आणि मग एका दुपारी ब्रिज फाडकन निघतो.

गिटार क्लासिकलच आहे ना, हे ओळखायला तीन खुणा पुरतात. डोक्याला दोन लांब खाचा आणि त्यात आडवे पांढरे रोलर. मान रुंद, नटपाशी (मान आणि डोकं जुळतात तिथली, तारांच्या खाचांची पट्टी) जवळजवळ पाच सेंटिमीटर. आणि मान धडाला मिळते ती बाराव्या पडद्यावर. अशा गिटारवर स्टील सापडलं तर आजच उतरवा. एक तार पूर्ण सैल, मग दुसरी, असं नको. सगळ्या थोड्या-थोड्या करत खाली आणा.

कागदाची चिठ्ठी

दुसरी तपासणीही फुकट, आणि पैसे खर्चायच्या आधी करायचीच. किराणा दुकानाच्या बिलाचा पातळ कागद घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली, विशेषतः दोन्ही कोपऱ्यांत, सरकवून बघा. केसभर आत गेला तर तो बहुधा पॉलिशचा काठ असतो, काळजी नाही. दोन-तीन मिलिमीटर आत गेला तर सरस सुटायला लागलाय.

इथे थांबा. नव्या तारा घेऊ नका, आणि फेविक्विकला हात लावू नका. तीन गिटारींवर मी फेविक्विकचा पराक्रम पाहिलाय. ते काचेसारखं कडक होतं, ओढ आली की पुन्हा सुटतं, आणि लाकडात मुरल्यामुळे नंतर कारागिराला ते खरवडण्यातच दिवस घालवावा लागतो. एका घरी तर ब्रिजमधून आरपार दोन नटबोल्ट टाकलेले होते. वाजत होती, खोटं का बोला, पण आवाज पत्र्याच्या डब्याचा.

नख आणि डोळे

कागद आत जात नसेल तर तारांचं वय बघू. जाड तारेच्या खालून, पडद्यांच्या जागी, नख हळू फिरवा. खाचा लागल्या किंवा चंदेरी मुलामा जाऊन तांबूस रंग दिसला तर ती तार संपली. तार झिजली की तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, आणि मग ती एका पडद्यावर सुरात आणि दुसऱ्यावर बेसूर वाजते. नायलॉनच्या तारांनाही खालून चपटे डाग पडतात.

फोनमधला फुकटचा ट्यूनर लावून आणखी एक बघा. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून घंटीसारखा स्वर काढा, मग त्याच पडद्यावर तार दाबून वाजवा. दोन्ही एकच यायला हवेत. एका तारेवर फरक पडत असेल तर ती तार खराब आहे, नवी असली तरी. सहाही तारा दाबल्यावर चढ्या येत असतील तर तारांची उंची जास्त आहे, त्याबद्दल पुढे.

चौथी तार सारखी तुटते म्हणून गिटारला दोष देऊ नका. चौथीच्या आतला गाभा मंद्र तारांत सगळ्यात बारीक असतो, ती सगळ्यांच्याच गिटारवर आधी जाते. मात्र दरवेळी एकाच पडद्यावर तुटत असेल तर त्या पडद्याची कड बोटाने चाचपा, आणि ब्रिजपाशी तुटत असेल तर सॅडलची, म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेल्या, तारा टेकतात त्या पट्टीची, धार.

पेन्सिल, स्क्रू ड्रायव्हर, शिलाई मशीनचं तेल

खुंटी फिरवताना नटपाशी "टिक" असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो? तार नटच्या खाचेत अडकतेय. तार बाजूला काढून खाचेत मऊ पेन्सिलीचं टोक चार वेळा घासा. ग्राफाइटने तार सरकते.

खुंट्यांचे स्क्रू हलके कसा, जीव लावून नको. दातेरी चाकावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, वरचं पुसून टाका. गिटार जोरात हलवल्यावर खुंट्या खुळखुळत असतील तर कित्येकदा झणझणीचं मूळ तिथेच निघतं.

आता सेट निवडू

इथवर पैसा गेला नाही. आता जातो, म्हणून नीट समजून घ्या.

लोक मला कंपनी विचारतात. मी त्यांना आधी टेप घ्यायला सांगतो. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा, ती वाजणाऱ्या तारेची लांबी. नेहमीचं माप ६५० मिलिमीटर. जुन्या गिटारींत ६३० पण सापडतं आणि ६६० च्या वरचंही. हे का बघायचं, तर त्याच तारेला तोच सूर द्यायचा असेल तर ओढ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६५० च्या जागी ६६४ असेल तर तोच सेट चार टक्क्यांहून जास्त ओढ देतो. नव्या गिटारला हे कळणारही नाही, पन्नास वर्षांच्या सरसाला कळतं.

मग आवाजाच्या भोकाच्या कडेला बॅटरी मारून बघा. वरच्या पाटीच्या लाकडाच्या उभ्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर पाटी सलग लाकडाची. कडेला पापुद्र्यांसारखे थर दिसले तर प्लायवूड. सलग लाकूड गातं छान, पण ते पातळ आणि हळवं. प्लाय जास्त सोसतं, मात्र ब्रिजचा सरस दोघांचाही तेवढाच जुना.

पाकिटावर ओढ लिहिलेली असते: लाइट, नॉर्मल किंवा मीडियम, हार्ड किंवा हाय. डॅडॅरिओच्या प्रो-आर्टेमध्ये ईजे४३ लाइट, ईजे४५ नॉर्मल, ईजे४६ हार्ड. ऑगस्टीनमध्ये रंगावरून कळतं: काळं हलकं, लाल मध्यम, निळं जोरकस. सावारेझमध्ये लाल नॉर्मल आणि निळं हाय. दुकानात किंवा ऑनलाइन मिळण्यात नॉर्मल आणि हार्डच पुढे असतात, आणि घेणाऱ्याला वाटतं हार्ड म्हणजे टिकाऊ. तसं नाही. हार्ड म्हणजे फक्त जास्त ओढ.

माझा हिशोब असा. ६५० किंवा कमी लांबी, कागद आत जात नाही, मान सरळ, तर नॉर्मल. ६६० च्या वर, किंवा पाटीला थोडं पोट, किंवा कुठे जुनी चीर बुजवलेली, तर लाइट. हार्ड जुन्या गिटारला मी लावतच नाही. कुणी कितीही सांगो, की हार्डने आवाज मोठा होतो. जुनी पाटी बहुधा हलक्या तारांनीच मोकळी बोलते, हा माझा कानाचा अनुभव.

हलक्या तारांचाही एक त्रास आहे, तो लपवत नाही. कमी ओढीची तार जास्त झोके घेते. तुमच्या गिटारवर तारा आधीच पडद्यांच्या जवळ असतील तर लाइट सेट खडखडेल. तिथे नॉर्मल सेट लावून गिटार अर्धी पट्टी, म्हणजे एका पडद्याइतकी, खाली लावली तर चालते. अर्धी पट्टी उतरवली की ओढ अकरा टक्क्यांनी कमी होते, पूर्ण पट्टी उतरवली तर वीस टक्क्यांहून थोडी जास्त. आपल्या घरात गाणारं माणूस असतंच, काळी दोन की पांढरी एक, यावरून कुणी अडून बसत नाही.

तिसरी तार धप्प वाजते ही तक्रार मात्र नायलॉनच्या स्वभावातली आहे. ती साध्या तारांत सगळ्यात जाड, जवळजवळ एक मिलिमीटर. त्यावर कार्बनच्या तारा निघाल्यात. कार्बन वजनाला घट्ट, म्हणून त्याच सुराला तार बारीक चालते आणि आवाज उजळ येतो. पण कार्बनचा पूर्ण सेट जुन्या गिटारला पहिल्यांदाच लावू नका. त्यात ओढ बहुधा जास्त असते, आणि बारीक तार जुन्या रुंद खाचेत डुगडुगते. फक्त तिसरी कार्बनची, बाकी नायलॉन, हा तोडगा मी दोन-तीन ठिकाणी केला आणि तो टिकलाय.

गोळी लावलेल्या नायलॉनच्या तारा पण मिळतात, गाठ मारायला नको म्हणून. चालतात. मला आवडत नाहीत, गाठ शिकायला दहा मिनिटं लागतात.

जाता जाता, हे नायलॉन गिटारवर आलंच मुळी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तात मिळेनाशी झाली म्हणून. त्याआधी जनावरांच्या आतड्याची तात असायची, आपल्या सारंगीला अजून असते तशी. स्पेनच्या सेगोविया या गिटारवादकाला न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टीन नावाचा गिटार बनवणारा भेटला आणि त्यातून नायलॉनच्या तारा बाजारात आल्या. तेव्हा "जुन्या गिटारला स्टीलच शोभतं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

गाठ

नव्या तारा उतरतात त्यातल्या निम्म्या गाठीमुळे. सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा, म्हणजे जुन्या पाटीवरची ओढ एका फटक्यात जात नाही आणि सॅडल जागेवरून पडत नाही. ब्रिजच्या मागे पाटीवर पत्त्यांच्या जोडातला एक पत्ता ठेवा, कारण गाठ सुटली की नायलॉनची तार चाबकासारखी उलटते आणि पाटीवर ओरखडा देते.

तार भोकातून मागे काढा, दहा सेंटिमीटर शेपूट ठेवा, ते वर घेऊन तारेच्याच खालून फिरवा आणि मग स्वतःच्या वेढ्याखाली अडकवा. जाड तारांना एक वेढा पुरे. पहिल्या तीन तारा गुळगुळीत, त्यांना दोन-तीन वेढे लागतात. शेवटचा वेढा ब्रिजच्या माथ्यावर न येता मागच्या उभ्या कडेवर दबला पाहिजे. हे चुकलं की तार रोज मिलिमीटरभर सरकते आणि आपण खुंटीला शिव्या देत बसतो. पहिल्या तारेच्या शेपटाचं टोक काडीने वितळवून मणी केला तर आणखी बरं, पण हे काम गिटारपासून लांब, ओट्यावर.

खुंटीवर जाड तारेला दोन वेढे, बारीकला तीन. ढीग नको.

आणि मग धीर. नायलॉन ताणत जातं. जाड तारा दोन-तीन दिवसांत स्थिरावतात, बारीक पाच-सात दिवस घेतात. घाई असेल तर बाराव्या पडद्यापाशी तार बोटाने हलकेच वर उचला, सोडा, सूर लावा, पुन्हा उचला. सूर नेहमी खालून वर आणून लावा. वर गेला तर खाली जाऊन परत वर या, नाहीतर चाकातला ढिलेपणा नंतर उतरतो. दहाव्या दिवशीही उतरत असेल तर गाठ पुन्हा बघा.

नको तिथली जवारी

तंबोऱ्याची जवारी काढायला आपण माणूस शोधत फिरतो. गिटारला तीच फुकट लागते आणि नकोशी होते. कारण दोन्हीकडे एकच: तार धारेवरून न सुटता सपाट जागेवर घासत सुटते. एखादी उघडीच तार झणझणत असेल आणि पहिल्या पडद्यावर दाबताच साफ होत असेल, तर दोष नटच्या खाचेत आहे. खाच मागच्या बाजूला, खुंट्यांकडे, उतरती हवी. ती पुढे उतरली की झाली जवारी. तार खाचेत फार खाली गेली असेल तरी तेच होतं. आधीच्या जाड तारांनी झिजलेल्या खाचेत नवी बारीक तार बसली की हा प्रकार हमखास.

तात्पुरतं करायचं तर खाचेत कागदाची एक घडी घालून बघा. झणझण थांबली तर निदान पक्कं. घरची कानस मात्र काढू नका, खाच एकदा खोल गेली की परत भरत नाही.

कूलर, पाऊस आणि तारांची उंची

इंदुरात मे महिन्यात हवा कोरडी ठाण आणि जुलैनंतर भिंतीसुद्धा ओल्या. लाकूड त्याप्रमाणे हलतं. पावसात पाटी फुगते, तारा वर जातात, उन्हाळ्यात उलट. तेव्हा ऑगस्टमध्ये उंच वाटलेल्या तारांसाठी लगेच सॅडल घासून घेऊ नका, मार्चमध्ये खडखडायला लागेल. उन्हाळ्यात मानेच्या कडेला पडद्यांची टोकं बोटाला टोचत असतील तर लाकूड सुकून आखडलंय. गिटार पेटीत ठेवा, कूलरच्या झोतात तर मुळीच नको. दिवसभर ओली आणि रात्री कोरडी, यानेच चिरा पडतात.

उंची मोजायची बाराव्या पडद्यावर, पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या अंगापर्यंत. सहाव्या तारेला चार मिलिमीटर, पहिलीला तीन, हे ठीक. सहावी पाचच्या वर असेल तर मान बघा: सहावी तार पहिल्या आणि बाराव्या पडद्यावर एकदम दाबून धरा आणि सातव्यापाशी तिच्याखालची फट बघा. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी असावी. त्यातून नाणं जात असेल तर मान वाकलीय, आणि ते काम आपलं नाही.

मान सरळ असून उंची जास्त असेल तरच सॅडल. बाराव्यावर एक मिलिमीटर कमी करायला सॅडल खालून दोन मिलिमीटर घासावी लागते. सपाट काचेवर सॅंडपेपर ठेवून, सॅडल उभी धरून, थोडं-थोडं. मूळ सॅडल जपून ठेवा आणि नवी घासा.

इथे थांबा आणि कारागिराकडे जा

ब्रिजखाली कागद गेला, मान वाकली, पाटीला आरपार चीर आहे, आतून थापटल्यावर सुटी पट्टी खडखडते, डोकं आणि मान जुळतात तिथे बारीक रेष दिसते: यातलं काहीही असेल तर तारांवर आणखी पैसे घालू नका. दुरुस्ती करणाऱ्याला विचारा की त्याने क्लासिकल गिटारचा ब्रिज आधी बसवलाय का आणि तो जुना सरस साफ करून बसवतो का. "स्क्रू मारून देतो" म्हणाला तर गिटार उचलून घरी या.

नेताना तारा दोन पूर्ण पट्ट्या खाली उतरवा, काढू नका. ओढ तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होते आणि त्याला ब्रिज ताणाखाली कसा वागतो तेही दिसतं. पेटीत डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. आणि जुन्या तारांचं पाकीट मिळालं तर तेही बरोबर न्या, त्यावरची ओढ वाचून त्याला निम्मी हकिगत न सांगता कळते.